चार्ज सोडायचाय, कसा सोडू? (द्विशिक्षकी शाळा)

घाटमाथा | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथे नुसता वाचतोय. लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. जिल्हा-तालुका लिहीत नाही, कारण आमच्याकडे स्क्रीनशॉट फार लवकर वर जातो. वय ४८, नोकरी २३ वर्षं. गेली पाच वर्षं शाळेचा चार्ज माझ्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. बाकीच्या शाळांत जो सेवाज्येष्ठ तो प्रभारी. म्हणजे दोन वर्ग शिकवायचे ते आहेच, वर मुख्याध्यापकाचं सगळं. शिक्का मिळतो, पगार तोच.

मागच्या शनिवारचं सांगतो. सकाळची शाळा, पोरं साडेअकराला गेली. सोमवारी पोषण आहाराची तपासणी आहे असा निरोप आदल्या रात्री आला होता. साठा नोंदवहीत तांदूळ १८६ किलो. मी ताणकाटा दाराच्या वरच्या कडीला अडकवला आणि पोत्यातला तांदूळ पिशवीत भरून पाच-पाच किलोने मोजत बसलो. कागदावर ३४ रेघा झाल्या, वर साडेचार. म्हणजे १७४.५. परत मोजला. दुसऱ्या वेळी १७४.

पोतं ५० किलोचं म्हणून येतं. टेम्पोवाला वाडीच्या खाली, डांबरी रस्त्यावरच उतरवतो आणि पावतीवर सही आधी घेतो. भरतं ४८, कधी साडेअठ्ठेचाळीस. उंदीर आहेतच. मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे आमचा रोजचा ३ किलो ८०० ग्रॅम. साडेअकरा किलो तूट म्हणजे अख्ख्या शाळेचं तीन दिवसांचं जेवण. ती कुणाच्या नावावर पडणार? चार्जवाल्याच्या. गाडी काढली, बाजारातून १२ किलो तांदूळ आणला, पोत्यात ओतला, हाताने मिसळला. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. बायकोने एवढंच विचारलं की जेवलात का, आणि मला दारातच रडू आलं. पायातले बूटही काढले नव्हते.

सोमवारी तपासणी आलीच नाही.

बीपी १६०/१०० निघालं. मोबाईल वाजला की छातीत धस्स होतं, मग तो दूधवाल्याचा का असेना. चार्ज सोडण्याचा अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे द्यायचा, वैद्यकीय कारण लिहिलं तर पुढे त्रास होतो का, हे जाणकारांनी सांगावं. योगा करा असं कृपया कुणी सांगू नका. तणावमुक्तीची कार्यशाळा नोव्हेंबरात झाली. उपस्थितीची लिंक भरली आहे, फोटो अपलोड केले आहेत.

---

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ११.५८

सर, शब्दाशब्दाला अनुमोदन. त्या बुटांच्या वाक्यावर थांबले.

मला सगळ्यात जास्त काय खातं सांगू? 'निरंक'. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेत अमुक प्रकारची मुलं किंवा अमुक वस्तू नसेल तर 'नाही' हेसुद्धा विहित नमुन्यात कळवावं लागतं. त्याला निरंक अहवाल म्हणतात. मागे एकदा भागाकाराचा हातचा समजावत होते, पोरगं नुकतं 'हां' म्हणत होतं, आणि फोन: मॅडम, तुमचा निरंक राहिलाय. जे नाहीच आहे ते कळवायला मी वर्गाबाहेर गेले. आत आले तर हातचा विसरलेला. त्याचाही आणि माझाही.

---

साधा_करदाता | सोमवार, सकाळी ७.१५

राग मानू नका. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सातवा वेतन आयोग, नोकरीची हमी. खाजगी कंपनीत टार्गेट चुकलं तर घरी पाठवतात. आम्हालाही बीपी आहे. १२ किलो तांदळासाठी रडू येत असेल तर प्रश्न चार्जचा नाही, स्वभावाचा आहे.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ७.३२

तुमच्या कंपनीत स्टोअरमधला माल कमी भरला तर तुम्ही खिशातून भरता का हो?

---

साधा_करदाता | सोमवार, सकाळी ७.४०

नाही. तो मुद्दा मान्य.

---

वीस_टक्के | सोमवार, सकाळी ८.०५

करदाते साहेब, सगळे मास्तर सातव्या आयोगात नाहीत बरं का. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ ला निघाला. त्यानंतर अनुदानाचा टप्पा, पुढचा टप्पा, आझाद मैदान. माझ्या शाळेला २० टक्क्यांचा पहिला टप्पा मिळाला तेव्हा माझी मुलगी दहावीला होती. मधली वर्षं मी सुट्टीत वीटभट्टीचा हिशेब लिहायचो. चार्जवाल्या सरांचं दुःख छोटं आहे असं म्हणत नाही. आमच्यात ताण मोजायचा ताणकाटाच वेगळा, एवढंच.

---

लेखाशीर्ष | सोमवार, सकाळी ९.२०

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात टेबलावर ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. तेव्हा सरळ सांगतो.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, केंद्रप्रमुखांमार्फत. आवक क्रमांक घ्या, पोच घ्या. वैद्यकीय कारण लिहायचं असेल तर शासकीय दवाखान्याचा कागद जोडा. त्याने नोकरीला धोका नाही, निदान मी तरी तसं पाहिलेलं नाही. पण एक लक्षात ठेवा. चार्ज सोडता येत नाही, चार्ज देता येतो. घेणारा लागतो. यादीवर दोघांच्या सह्या लागतात. देणार कुणाला? तुमच्या शाळेत दुसरं कोण आहे?

---

कांदेपोहे | सोमवार, दुपारी १.१०

वाचनखूण साठवली. अवांतर: शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करून निर्णयही काढला. मग ही पोती, या लिंका कशात बसतात?

---

लेखाशीर्ष | सोमवार, दुपारी १.४५

कांदेपोहे, निर्णय वाचलाय. चांगला आहे. पण लिंक पाठवणारा तो वाचून पाठवत नाही. आणि खरं सांगू, कलम २७ मधले अपवाद तीनच दिसतात, पण निवडणुकीच्या एका शब्दात मतदार यादीचं वर्षभराचं काम मावतं.

---

सत्तरीची_बाई | सोमवार, रात्री ८.३०

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे सरकारी मराठी प्राथमिक शाळांत एकशिक्षकी कितीतरी. दोन शिक्षक म्हणजे आम्हाला चैन वाटते! ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली त्यात गोवाही होता. माझी मैत्रीण मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. शाळा सुटली की फॉर्मांची पिशवी घेऊन वाड्यावाड्यांवर. कुत्री अंगावर यायची म्हणून नवरा स्कूटरवर सोबत. एका घरात म्हातारीने तिला बसवून सोलकढी दिली आणि विचारलं, बाई, तू हल्ली शिकवतेस की नाही? ते ऐकून ती घरी येऊन हसली आणि मग बराच वेळ गप्प होती.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. लेखाशीर्ष साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर सकाळपासून टाळत होतो.

शाळेत दुसरं कोण, तर एक शिक्षणसेविका. पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) आल्या, वय २६, घर मराठवाड्यात, इथून एसटीने रात्रभराचं अंतर. मानधन १६,०००. त्यातले साडेतीन हजार खोलीभाडं. तिसरी-चौथी त्या घेतात आणि माझ्यापेक्षा चांगली घेतात. मी चार्ज सोडला की तो त्यांच्याकडे जाणार. हे मला पोस्ट लिहितानाही ठाऊक होतं, म्हणूनच लिहिलं नव्हतं.

टीईटीचंही (शिक्षक पात्रता परीक्षा) आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल: ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. माझी दहा शिल्लक. मुलगा अकरावीला आहे. रात्री आम्ही दोघं एकाच टेबलावर बसतो, तो भौतिकशास्त्र, मी बालमानसशास्त्र. तो म्हणतो, बाबा, तुम्ही २३ वर्षं हेच करताय ना? मग पाठ काय करताय?

---

पवित्र_बॅच | सोमवार, रात्री ११.२५

घाटमाथा सर, मी तुमच्या त्या शिक्षणसेविकेसारखीच. वेगळी शाळा, वेगळा जिल्हा. माझ्याकडे रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात चार्ज आला. सरांची बदली झाली, यादीवर सही केली, ते दुपारच्या गाडीने गेले. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) १९६१ पासूनचं होतं. पानं इतकी जुनी की उलटताना कडा गळायच्या. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा आले, त्यांना जन्मतारखेसाठी दाखला हवा होता. मी नोंद शोधली, दाखला लिहिला, सही करताना हात थरथरत होता. खाडाखोड झाली तर? त्यात मी जातीच्या रकान्यात एक अक्षर चुकवलं तर त्यांच्या नातवंडाचं काय होईल? बी.एड., डी.एड.ला हे कुणी शिकवत नाही.

आईला फोनवर सांगायचे, सगळं छान आहे. रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचे, मेसेज चुकेल म्हणून.

सर, सोडू नका असं सांगायचा मला हक्क नाही. फक्त, देणार असाल तर आठवडाभर शेजारी बसून द्या. एका दुपारीत देऊ नका.

---

गोळीबंद | मंगळवार, सकाळी ६.५०

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. चार्जचं मला कळत नाही, बीपीचं कळतं. १६०/१०० हे एकदा निघालं की वारंवार? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि लिहून ठेवा. औषध दुकानातून विचारून गोळी सुरू करू नका. माझ्याकडे शिक्षक येतात ते 'ॲसिडिटी' म्हणून येतात. अर्ध्यांना झोप नसते. झोपेचं विचारलं की आधी हसतात.

रडू येणं हे स्वभावाचं लक्षण नाही (करदाते साहेब, हे तुम्हाला). दोन-तीन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, नको ते विचार येतात असं असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. त्यांची लिंक भरावी लागत नाही.

---

टेम्स_काठ | मंगळवार, दुपारी ४.०५

मूळची मिरजेची. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते, १४ वर्षं झाली. परदेशात सगळं गोड असतं असा समज असेल तर लिहिते.

रीडिंगजवळच्या कॅव्हरशममधल्या रूथ पेरी या मुख्याध्यापिकेने जानेवारी २०२३ मध्ये जीवन संपवलं. त्याआधी त्यांच्या शाळेची ऑफस्टेडची (शाळा तपासणारी इथली सरकारी संस्था) तपासणी झाली होती आणि वरच्या श्रेणीतली शाळा एकदम तळाच्या श्रेणीत टाकली गेली होती. अहवाल जाहीर होईपर्यंत त्या ओझ्याबद्दल उघड बोलायचीही सोय नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या तपासणीचा त्यांच्या मृत्यूत वाटा होता असा निष्कर्ष दिला. सप्टेंबर २०२४ पासून अख्ख्या शाळेला एका शब्दात श्रेणी देणं बंद झालं. एवढी किंमत मोजल्यावर एक शब्द काढला.

आमच्याकडेही 'कल्याण सप्ताह' असतो. स्टाफरूममध्ये केक ठेवतात, कुणीतरी मेणबत्त्या लावून श्वास घ्यायला शिकवतं, आणि त्याच दिवशी ६४ वह्या घरी. शिक्षण खात्याने २०२१ मध्ये शिक्षकांच्या स्वास्थ्याची सनद काढली, पण ती ऐच्छिक. भिंतीवर छान दिसते.

खरा उपयोग होतो तो रुक्ष गोष्टीचा. सरकारी शाळांत तुमच्या शिकवण्याच्या वेळापैकी किमान १० टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी मोकळा ठेवणं सेवाशर्तीतच लिहिलंय. त्या तासाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवता येत नाही. माझा तो तास बुधवारी असतो. कधी कधी मी त्या तासात नुसती बसते. कुणी काही म्हणत नाही, कारण तो वेळ कुणी दया म्हणून दिलेला नाही, कागदावर माझा आहे.

---

साधा_करदाता | मंगळवार, सायंकाळी ५.३०

दोघाचौघांचं वाचून कालचे शब्द मागे घेतो. माझी मुलगी ज्या इंग्रजी शाळेत जाते तिथल्या बाई १४,००० वर आहेत असं बायकोकडून आजच कळलं. फी भरताना हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

---

मधला_माणूस | मंगळवार, रात्री ९.१५

केंद्रप्रमुख आहे. शिव्या खायला आलोय, कारण ते 'तात्काळ, आज दुपारी दोनपर्यंत' मीच पाठवतो.

माझ्याकडे ११ शाळा. शेजारच्या केंद्राची जागा रिकामी, तिचाही कार्यभार माझ्याकडे. म्हणजे मीसुद्धा प्रभारीच. ते 'दोनपर्यंत' मला साडेबाराला येतं. वरच्याला ते सकाळी आलेलं असतं, त्याच्या वरच्याला काल संध्याकाळी. प्रत्येकजण आपला तास-दोन तास काढून घेतो आणि उरलेला खाली ढकलतो. शेवटी मास्तराला मिळतो वर्गातला वेळ.

दिवाळीनंतर एक करून पाहतोय. खरंच आग लागलेली नसेल तर दिवसभराचे निरोप साठवतो आणि साडेतीनला एकच मेसेज टाकतो. जी माहिती यू-डायस प्लसवर (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) आधीच भरलेली असते ती शाळांना परत विचारत नाही, लॉगिन करून मीच काढतो. त्यात माझी संध्याकाळ जाते. दोनदा वरून बोलणी खाल्ली, तुमच्या केंद्राचं उशिरा येतं म्हणून. पण एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, सर, आता फोन कपाटात ठेवून शिकवते. तेवढ्यावर चालवतोय.

---

हेडबाई | बुधवार, सकाळी १०.३०

अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त. त्याआधी प्राथमिकला नऊ वर्षं चार्ज सांभाळलाय. घाटमाथा, जरा कडक लिहिते, मोठी बहीण समजा.

पहिली गोष्ट. बाजारातला तांदूळ आणून ओतलात हे चूक केलंत. तुम्ही बारा किलो ओतलेत तेव्हा तूट गेली नाही, तूट झाल्याचा पुरावा गेला. आता पुढचं पोतं ४७ किलोचं आलं तरी तुमच्या नोंदवहीत सगळं बरोबर. खिशातून भरणारा मास्तर सगळ्यांना सोयीचा असतो. मी प्रयोगशाळेची काच, विजेचं बिल, रंगकाम, सगळं वर्षानुवर्षं भरलंय आणि त्याचा अभिमान बाळगलाय. निवृत्तीच्या समारंभात 'बाईंनी कधी तक्रार केली नाही' असं म्हणाले. मला तेव्हा टाळ्या ऐकू येईनात.

पुढच्या वेळी पोती उतरताना काट्यावर घाला. पावतीवर सही करण्याआधी 'प्रत्यक्ष वजन अमुक' असं लिहा. टेम्पोवाला भांडेल. भांडू दे. तुम्ही एकटे उभे राहू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात ते कशासाठी? पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसायला नव्हे. दोघांना बोलवा, त्यांच्या सह्या घ्या, मासिक सभेच्या इतिवृत्तात तूट लिहा.

दुसरं, चार्ज फोडा. यादी करा: पोषण आहार, यू-डायस आणि आधारच्या नोंदी, समितीचं इतिवृत्त, अनुदानाचा खर्च, दाखले. ३८ पटाला २५,००० चं संयुक्त अनुदान असतं, त्याची बिलं एका फाईलला लावली की ते काम वर्षातून चार दिवसांचं आहे. तुम्ही ते रोज डोक्यात वागवता म्हणून ३६५ दिवसांचं होतं. दाखले आणि पैसे तुमच्याकडे ठेवा, ते नवख्या मुलीवर टाकू नका. बाकीचं तिला विचारा. लादू नका, विचारा. आणि जे ती घेईल ते लेखी द्या, म्हणजे तिचं श्रेयही तिच्या नावावर पडेल.

तिसरं माझ्याबद्दल. इथे सगळे वरच्यांना बोलतायत म्हणून सांगते. हायस्कूलला होते तेव्हा रात्री साडेदहाला आलेला मेसेज मी तसाच ग्रुपवर ढकलायचे. माझ्यावरचा भार उतरला असं वाटायचं. संचमान्यतेचे (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे) दिवस, मुलांची आधारवरची नावं जुळत नाहीत, पट कमी दिसला तर माझा एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, संस्थेकडून रोज फोन. मी घाबरलेली होते, आणि घाबरलेली हेड सगळ्या स्टाफला घाबरवते. पुढे एका बाईंनी सांगितलं की त्यांचं तान्हं बाळ त्या 'टिंग' ने उठायचं, मग तासभर झोपायचं नाही. मला ते निवृत्तीनंतर सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नसावी. माझ्याशी बोलायची हिंमत होत नाही अशी मी होते, हे मला पचायला वेळ लागला.

शेवटचं. मला कशाने तारलं तर आम्ही पाच जणी. आजूबाजूच्या पाच शाळांच्या बाया. महिन्याची शिक्षण परिषद संपली की बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ. तिथे एकमेकींच्या फायली तपासायचो, रडायचो, केंद्रप्रमुखांची नक्कल करायचो (मधला_माणूस, माफ करा). त्या मिसळीचा अहवाल कुणी मागितला नाही.

---

मधला_माणूस | बुधवार, सकाळी ११.०२

माफ केलं. नक्कल कोण करायचं तेवढं सांगा.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी २.२०

हेडबाई, 'पुरावा गेला' हे लिहून कपाटाच्या आत चिकटवतेय.

---

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ९.४०

धागा वर काढतोय, कारण हकीकत सांगायची राहिली.

काल मधल्या सुट्टीत आमच्या मॅडमना बसवून सगळं सांगितलं. तूट, बाजारातला तांदूळ, बीपी, अर्ज लिहायच्या बेतात होतो तेही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तांदळाचं मला माहीत होतं."

मी विचारलं, कसं?

"पोत्यात दोन तऱ्हेचा तांदूळ होता. सरकारी जाड, आणि मध्येमध्ये कोलम. ताईंनी सोमवारीच सांगितलं, भात एकसारखा शिजत नाही, थोडा कच्चा राहतो नि थोडा गिच्च होतो. पोरं म्हणत होती आज भात लग्नातला आहे."

आठवडाभर मी ज्याचं पाप लपवत फिरत होतो ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंना, मॅडमना आणि ३८ पोरांना ठाऊक होतं. पुन्हा चव नोंदवहीत त्या दिवशी माझीच सही, शेरा 'उत्तम'. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसलो.

पोषण आहाराची रोजची ऑनलाईन नोंद मॅडम घेतो म्हणाल्या. त्यांना ती तीन मिनिटांत जमते, मला पंधरा लागतात. बदल्यात त्यांनी एक मागितलं. दर महिन्याला एका शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या त्यांना निघू द्यायचं, म्हणजे दुपारची गाडी मिळून सोमवारच्या आत घरी जाऊन येता येईल. सवा वर्षात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, मीही नाही. दाखले आणि पैसे माझ्याकडेच. लेखी वाटप करून समितीपुढे ठेवणार आहे. अर्ज ड्राफ्टमध्ये आहे, खोडलेला नाही.

बीपी मंगळवारपासून लिहितोय. आज सकाळी १४८/९४. डॉक्टरांकडे सोमवारी जातोय.

---

पवित्र_बॅच | शुक्रवार, रात्री ९.५५

लग्नातला भात! 😄 सर, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. त्यांना इथे घेऊन या.

---

लेखाशीर्ष | शुक्रवार, रात्री १०.१०

पुढचा टेम्पो कधी?

---

घाटमाथा | शुक्रवार, रात्री १०.१४

गुरुवारी. समितीचे अध्यक्ष त्यांचा धान्याचा काटा घेऊन रस्त्यावर उभे राहतो म्हणालेत.

---

लेखाशीर्ष | शुक्रवार, रात्री १०.२१

काट्यावर वैधमापनवाल्यांचा चालू शिक्का आहे का ते बघून ठेवा. नाहीतर टेम्पोवाला आधी तेच काढेल.